फोनवरून करार कायदा

माधवनगरला आत्तीच्या घरी दुपारी चार वाजता माझा फोन वाजायचा. पलीकडून आबा, म्हणजे माझे वडील, कशी आहेस वगैरे काही न विचारता थेट सुरू करायचे, "प्रस्ताव कळवणं केव्हा पूर्ण होतं? ज्याला प्रस्ताव केला आहे, त्याला तो कळेल तेव्हा. ओव्हर."

मी म्हणायचे, "ज्याला प्रस्ताव केला त्याला तो कळला, की कळवणं पूर्ण झालं. ओव्हर."

"बराबर. पुढं."

आबा सैन्यात सिग्नलमध्ये होते. डोंगरावरच्या तंबूत बिनतारी सेटसमोर बसून निरोप द्यायचे आणि घ्यायचे, हे त्यांचं उभ्या नोकरीतलं काम. तिथली पद्धत अशी, की एकानं थोडं सांगायचं, आपलं बोलणं संपलं हे समोरच्याला कळावं म्हणून 'ओव्हर' म्हणायचं, आणि दुसऱ्यानं ते जसंच्या तसं परत सांगायचं. परत सांगितल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. नीट ऐकू आलं नाही, तर 'से अगेन' म्हणायचं. आबा त्याला 'शे अगेन' म्हणायचे. म्हणजे दुसऱ्यांनी म्हटलेलं सांगताना. स्वतः त्यांनी अख्ख्या नोकरीत ते कधी म्हटलं नाही, हा त्यांचा अभिमान होता. एकदा ऐकलं की ऐकलं. घरी परत आल्यावर आईलाही ही शिस्त लावायचा त्यांनी प्रयत्न केला होता. "येताना कोथिंबीर आणा," असं आईनं सांगितलं की ते उंबऱ्यात थांबून "कोथिंबीर आणायची," असं म्हणायचे आणि तिनंही तसंच करावं म्हणून वाट बघायचे. आई म्हणायची, "मी काय तुमच्या पल्टनीत हाय व्हय?"

मला लिहायला वेळ लागतो, आणि हे तर मी मुद्दामच सावकाश लिहिते आहे. आबा जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात घरी आलेल्या प्रत्येकानं त्यांच्या शिस्तीची, शेतीची, त्यांनी कुणाकुणाकडून सैन्यभरतीसाठी पळायचा सराव करून घेतला त्याची आठवण काढली. चारचा फोन रोज ऐकलेल्या आम्ही तिघीच, मी, आई आणि आत्ती. म्हणून ते लिहून ठेवावं असं वाटलं. रडू येईल अशी तयारी ठेवून बसले होते, पण गेले काही दिवस मी बहुतेक हसतेच आहे. आई शेजारी गवार मोडत बसते आणि मान वर न करता विचारते, "आता काय आठवलं?"

मला वाचता येत नव्हतं असं नाही. येत होतं, पण अक्षरं माझ्याजवळ टिकायची नाहीत. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक मला कळायचा आणि पुढच्या शब्दापर्यंत निसटायचा. ओळ संपवून खालच्या ओळीवर यायचं तर मी दोन ओळी खाली जायचे. जोडाक्षर आलं की पायात काटा मोडल्यासारखी थांबायचे. शाळेत बाई म्हणायच्या, "तोंड चालतं तसा हात चालू दे की जरा." तोंड खरंच चालायचं. कुणी वाचून दाखवलेलं माझ्या डोक्यात राहायचं, अगदी कुठे आवाज चढला होता त्यासकट.

आणि तरी मला पुस्तकांचं वेड होतं. साताऱ्यातल्या आमच्या पेठेच्या वाचनालयातून मी एक कादंबरी आणायचे आणि ओळीखाली पट्टी धरून ती सबंध उन्हाळा पुरवायचे. बरोबरीच्या मुली तेवढ्यात आठ-दहा वाचून मोकळ्या व्हायच्या. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. त्या पुस्तकातली माणसं माझ्याकडे जास्त दिवस मुक्कामाला असायची, एवढंच. परीक्षेचं मात्र तसं नव्हतं. तिथे घड्याळ असायचं. बी. ए. मी मैत्रिणींच्या आवाजावर केलं. त्या मोठ्यानं वाचायच्या, मी ऐकायचे आणि काठावर पास व्हायचे.

पुढे मी साताऱ्याच्या कोर्टाजवळ एका वकील बाईंच्या ऑफिसात काम करू लागले. फायली न्यायच्या, तारखा लक्षात ठेवायच्या. तारखा मला तोंडपाठ असायच्या. बाईंच्या मागे उभी राहून मी युक्तिवाद ऐकायचे आणि मला वाटायचं, इथे सगळं बोलण्यावरच चालतं, म्हणजे हे आपलंच काम आहे. तो समज अर्धाच खरा होता, पण त्या अर्ध्यावर मी सांगलीच्या एका कॉलेजात कायद्याला प्रवेश घेतला. आठवडाभर माधवनगरला आत्तीकडे राहायचं, शनिवारी रेल्वेनं साताऱ्याला घरी, असं सुरू झालं.

पहिल्या वर्षी बाकीचे विषय कसेबसे सुटले, पण करार कायद्याचा पेपर राहिला. प्रश्न लांबलचक असायचे. अमक्यानं तमक्याला पत्र पाठवलं, त्यानं ते अमक्या दिवशी टाकलं, मग दुसरं पत्र. प्रश्न वाचून होईपर्यंत आजूबाजूची मुलं पुरवणी मागायला लागलेली असायची. पुन्हा बसले, पुन्हा राहिला. तो सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसता येणार नव्हतं. मीच मनाशी ठरवलं, की आता एकदाच. या वेळी करार कायदा सुटला नाही, तर वकील बाईंच्या ऑफिसात परत जायचं आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली उचलायच्या.

त्याच सुमारास करार कायदा शिकवणाऱ्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. वर्गात मी उत्तरं द्यायचे ती त्यांना ठाऊक होती, पेपरातले गुणही ठाऊक होते, आणि दोन्हींचा मेळ त्यांना लागत नव्हता. त्यांनी पुस्तक पुढे केलं. "हा परिच्छेद वाच." मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात पुढे करून पुस्तक घेतलं. मला वाटलं, झालं. पण त्या म्हणाल्या, "आता मी वाचते, तू सांग." त्यांनी सबंध पान वाचलं. मी ते उदाहरणासकट सांगितलं.

"माझ्या मुलाचं असंच आहे," मॅडम म्हणाल्या. "याला डिस्लेक्सिया म्हणतात. सरकारी रुग्णालयात तपासणी करून दाखला घे. परीक्षेत वाचायला-लिहायला माणूस मिळतो, जादा वेळ मिळतो. हे तुला कुणीच सांगितलं नाही आजवर?"

मी नाही म्हणाले. सांगलीच्या स्टँडवर जाऊन मी कागदाच्या पुडीतलं भडंग खाल्लं, आणि ते संपल्यावर आणखी एक पुडी घेतली. इतकी भूक मला त्याआधी कधी लागली नव्हती.

शनिवारी घरी सांगितलं, तर आई आधी दाखल्यावरच अडली. "दाखला? कसला दाखला? पोरीचं लगीन व्हायचंय आजून. पाव्हणं इचारतील, पोरीत काय कमी हाय का. तवा काय दाखवू, सरकारी शिक्का?"

आबा माझ्याकडे वळले. मला विचारलं, "ऐकलेलं ध्यानात ऱ्हातं न्हवं?"

"राहतं."

"आन कागदावरनं येताना?"

"तुटतं."

"मग सेट चांगला हाय," आबा म्हणाले. "लाइन खराब हाय. लाइन बदलायची. त्यात रडण्यासारखं काय हाय?" हे शेवटचं आईसाठी होतं.

साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला आई माझ्याबरोबर आली ती, हे नको म्हणून सांगायलाच. तिथे माझ्याच वयाची एक मानसशास्त्रज्ञ होती. तिनं माझ्याकडून वाचून घेतलं, लिहून घेतलं, आकडे उलटे म्हणवून घेतले, आणि मग आईला आत बोलावलं. आई पाचच मिनिटांत येईल असं मला वाटलं होतं. ती येईचना. दाराबाहेर बसून मला तिचा आवाज ऐकू येत होता. मी चार वर्षांची असताना मेढ्याच्या आजोळी कीर्तनकार बुवांचं अख्खं आख्यान दुसऱ्या दिवशी गोठ्यात म्हशींना कसं ऐकवलं होतं, हे ती बुवांच्या आवाजात सांगत होती. मध्येच ती मानसशास्त्रज्ञ हसायची.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "त्या पोरीनं मला इचारलं, तुमची मुलगी लहानपणी काय छान करायची? एवढ्या वर्षांत हे मला कुणी इचारलंच न्हवतं गं. शाळेत बोलवायचे ते काय येत न्हाई ते सांगायला." आणि थोड्या वेळानं, "दाखला कवा मिळंल म्हणाली ती?"

दाखला मिळायच्या आधीच आबांनी लाइन बदलली होती. मॅडमनी सांगितलेलं मराठी पुस्तक त्यांनी स्वतःसाठी आणलं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि चारचा फोन सुरू केला. सुरुवातीला ते फार भरभर वाचायचे. मी म्हटलं, "आबा, हळू." ते म्हणाले, "असं न्हाई. असं म्हण, हळू द्या, ओव्हर." मी तसं म्हणाले, तेव्हा हळू झाले. एक वाक्य त्यांनी सांगायचं, तेच माझ्या शब्दांत मी परत सांगायचं. चुकलं तर ते चूक म्हणायचे नाहीत, पुन्हा तेच वाक्य वाचायचे, तितक्याच शांतपणे. पुस्तकाचा फोटो काढून तो मोठ्यानं वाचणारं ॲप मी माझ्या फोनवर घेतलं होतं. तेही कामाला आलं, अजून येतं. पण आबांना ते पटलं नाही. "ह्यो गडी श्वासच घेत न्हाई," ते म्हणाले. "आन परत काय सांगितलं तर ऐकून बी घेत न्हाई."

आबांचा जन्म वडूजकडचा. नोकरीनंतर साताऱ्यात घर केलं तरी त्यांचं मन गावच्या रानात आणि जनावरांच्या बाजारात. पुस्तकातलं 'अ' आणि 'ब' यांचं उदाहरण त्यांना बेचव वाटायचं. ते वाचून झालं की स्वतःचं घालायचे. एकदा म्हणाले, "ऐक. म्या बाजारात म्हैस घ्यायला गेलो. दलालानं रुमालाखाली माझा हात धरला. बोटं दाबून भाव सांगितला, म्या बोटं दाबून कमी केला, त्यानं मान हलवली. तोंडानं कुणी एक शबुद बोललं न्हाई. मग स्वीकृती कळवली का न्हाई? ओव्हर."

आमच्याकडे जनावरांचा सौदा असाच होतो. भोवती माणसं उभी असतात, पण रुमालाखाली काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. मी म्हटलं, "कळवली. कृतीनं कळवली. करार झाला. ओव्हर."

"आन शेजारी तुझा चुलता उभा हुता, त्याला काईच कळलं न्हाई, त्येचं काय?"

"त्यांना कळायची गरजच नाही. प्रस्ताव त्यांना केलाच नव्हता. ओव्हर."

आबा खूश झाले. "हे त्याला सांगाय पायजे. त्यो आजून म्हणतोय, म्हैस म्हाग घेतली."

आत्ती सुरुवातीला आम्हाला हसायची. फोन स्पीकरवर असायचा, कारण मी बोलताना हातवारे करते. चहा घेऊन ती यायची आणि फोनकडे वाकून म्हणायची, "दादा, जरा माझ्या भाचीला चा पिऊ दे. ओव्हर." आबा गंभीरपणे म्हणायचे, "चा पिऊ दे. बराबर." आणि थांबायचे. पुढे पुढे आत्तीलाही नाद लागला. एके दिवशी सकाळी ती दारात दूधवाल्याला सांगताना ऐकली, "तुमी रोज घालता, मी रोज घेते. बोलणं झालं न्हाई म्हणून काय झालं? हा गर्भित करार हाय. असं न सांगता खाडा करायचा न्हाई." दूधवाला माझ्याकडे बघत होता. मी आत गेले.

दाखला मिळाल्यावर कॉलेजच्या ऑफिसात तो द्यायला आई हट्टानं सांगलीपर्यंत आली. खिडकीतल्या साहेबांनी माझ्याकडे आणि दाखल्याकडे आळीपाळीनं पाहिलं. ते वाईट नव्हते. त्यांच्यासमोर असं पहिल्यांदाच आलं होतं. म्हणाले, "ताई, तुम्हाला दिसतं तर आहे. हातही चांगले आहेत. मग लेखनिक कशाला?"

मी पाठ करून आणलेलं काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "आवं साहेब, डोळं तर तुमाला बी हायत की. मग चष्मा कशाला लावलाय?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "मावशी, वकील कोण होणार आहे तुमच्यात?"

लेखनिक शोधायचं काम आत्तीनं घेतलं. नियम असा, की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा आणि त्या विषयाचा नको. आत्तीच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या एक ताई होत्या. चाळिशी उलटलेली, शाळा लवकर सुटलेली, आणि मुलं मोठी झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बी. ए. करायला लागलेल्या. त्यांचं अक्षर ब्लाऊजच्या काठाला घातलेल्या टाक्यांसारखं होतं, सगळं एका मापाचं. आल्या आल्या म्हणाल्या, "मला कायद्यातलं काय कळत न्हाई बघा." मी म्हटलं, "तेच तर हवंय."

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली दिली. तिथे आम्ही दोघी आणि एक वयस्कर पर्यवेक्षक सर. ताईंनी प्रश्नपत्रिका वाचायला सुरुवात केली, आणि मला जाणवलं, की प्रश्न मला ऐकू येतोय. म्हणजे आता तो पळणार नाही. पहिलाच प्रश्न स्वीकृती कशी कळवली जाते याचा होता. मी डोळे मिटले आणि सांगायला लागले. रुमालाखालची म्हैस आपोआपच आली. एवढ्या सहज मी आयुष्यात कुठल्या परीक्षेत बोलले नव्हते. ताईंचा पेन सरसर चालला होता. दुसरं उत्तरही झालं, तिसरंही झालं. मनात आलं, एकदा वाचून घ्यावं.

"ताई, जरा पहिलं उत्तर वाचा."

ताई वाचू लागल्या. "स्वीकृती शब्दांनी किंवा कृतीने कळवता येते ओव्हर. स्वीकृती बिनशर्त असली पाहिजे ओव्हर. जनावरांच्या बाजारात दलाल—"

"थांबा," मी म्हटलं. "ओव्हर का लिहिलंय?"

"तुमी म्हणालात की."

"प्रत्येक वाक्याला?"

"प्रत्येक वाक्याला म्हणालात," ताई म्हणाल्या. "सांगाल तेच लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं न्हाई, असं मला बजावलंय. मला वाटलं, कायद्यात असंच असंल. कोर्टात आर्डर आर्डर म्हणतात तसं."

मला हसू आलं, ताईंनाही आलं. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी येऊन पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, असा एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसला, तर तपासणारे त्याला खूण समजतील. ओळख पटावी म्हणून केलेली खूण. पेपर रद्दसुद्धा होऊ शकतो."

माझं हसू तिथेच थांबलं. सरांनी वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी उभ्यानंच पानं पाहिली, आमच्याकडे पाहिलं, आणि ठरवलं, की लिहिलेलं खोडायचा अधिकार परीक्षार्थीला आहेच. प्रत्येक ठिकाणी एक आडवी रेघ मारा, शेजारी काही लिहू नका. पण खोडाखोड तुमच्या वेळेतच. मग ताई एकेक वाक्य वाचायच्या, ओव्हर आला की रेघ मारायच्या, पुढे. माझा जादा वेळ होता तो जवळपास यातच गेला. उरलेल्या उत्तरांना मी वाक्य संपलं की ओठ घट्ट मिटायचे आणि टेबलावर बोट टेकवायचे, नाहीतर तोंडातून ओव्हर निघणारच होता. शेवटचं उत्तर निम्मंच झालं आणि घंटा झाली.

त्या दिवशी चारला आबांना सगळं सांगितलं. ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि मागून आईनं पाणी आणलेलं ऐकू आलं. मग खूण, पेपर रद्द, हे सांगितलं. "म्हणजे माझ्या सवयीपायी?" ते म्हणाले.

"तुमच्या सवयीपायी पेपर लिहिला तरी, आबा."

"बराबर," ते म्हणाले. पण त्यात जोर नव्हता, आणि निकाल लागेपर्यंत चारच्या फोनवर त्यांनी एकदाही ओव्हर म्हटलं नाही. आम्ही दोघं साध्या माणसांसारखे एकमेकांच्या बोलण्यात बोलायचो आणि मग दोघंही थांबायचो. पुढच्या वर्षाचं वाचन चालू होतं, पण आत्तीसुद्धा म्हणाली, "दादाचं काय तरी बिनसलंय. मिलिटरीवाल्यासारखं बोलंना झालाय."

निकाल लागला तेव्हा मी माधवनगरला होते. त्या बारीक आकड्यांच्या रकान्यांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून आत्तीनं स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं. मग ताईंनी वाचलं. निकालाचं कळताच त्या हातातला ब्लाऊज तसाच घेऊन आल्या होत्या. दोघींचं जुळलं. करार कायदा सुटला होता. नुसता सुटला नव्हता, बऱ्यापैकी गुणांनी सुटला होता. ताई म्हणाल्या, "रेघा बेस मारल्या हुत्या म्या."

मी साताऱ्याला फोन लावला. आईनं उचलला. मी सांगितल्यावर तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "हे न्हाईत घरात. सकाळच्या गाडीनं वडूजला गेलेत. घेवड्याची खुरपणी बघायची हाय म्हणले."

"आत्ता खुरपणी?"

"खुरपणी मागल्या आठवड्यातच झाली," आई म्हणाली. "घरात बसवत न्हवतं त्यांस्नी, दुसरं काय."

रानात फोनला रेंज नसायची. वरच्या बांधावर, बाभळीपाशी उभं राहिलं तरच यायची. मी कितीदा तरी लावला, लागला नाही.

पुढचं सगळं नीट झालं. आबांनी तिसऱ्या वर्षाचे सगळे विषय वाचले, मला काळ्या कोटात पाहिलं, कोर्टात मागच्या बाकावर बसून माझा पहिला युक्तिवाद ऐकला आणि बाहेर आल्यावर तो मला जसाच्या तसा परत सांगितला. मॅडमकडे त्यानंतर असे तिघे-चौघे विद्यार्थी आले. त्यातल्या एकीसाठी ताई लेखनिक म्हणून बसल्या. आणि आता साताऱ्यात दुपारी चारच्या पुढे, कोर्टातून आले की, दुसऱ्या दिवशीच्या दाव्याची कागदपत्रं मला आई वाचून दाखवते. ती आबांसारखं सरळ वाचत नाही. वादी कसा नालायक असणार हे आधी सांगते, मग वाचते. परवा एका वाटणीच्या दाव्यात थांबून म्हणाली, "ह्या बाईला सोडू नगंस. हिचंच खरं हाय. ओव्हर." म्हटल्यावर स्वतःच दचकली. मग मी ते तिला परत सांगितलं.

पण मला सांगायचा होता तो त्या निकालाच्या दिवशीचा चारचा फोन. तो वेळेवर आला. वाऱ्याचा घोंघाट येत होता, म्हणजे आबा वरच्या बांधावर, बाभळीपाशी आलेले होते.

"बोल," ते म्हणाले.

मी सगळं घर ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "करार कायदा सुटला. ओव्हर."

पलीकडे नुसता वारा. आत्ती आणि ताई माझ्या दोन्ही बाजूंनी फोनकडे वाकल्या होत्या.

"शे अगेन," आबा म्हणाले.

आबांनी. मला वाटलं, रेंजच गेली. मी पुन्हा सांगितलं, शब्द सुटे करून. करार. कायदा. सुटला. ओव्हर.

"शे अगेन."

आता मला मागचा एक आवाज ऐकू आला, हसू दाबल्यासारखा. माझे चुलते होते. आबांनी त्यांना त्यांच्या रानातून हाक मारून बांधावर आणलं होतं आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडापुढे धरला होता. चुलते ओरडले, "अगं, ऐकू आलंय त्याला पयल्यांदाच! उगंच माझ्यापुढं म्हणून घेतोय! त्या म्हशीचं काय ते इचार आधी त्याला!"

"तू गप रं," आबा म्हणाले. आणि मग मला, अगदी नोकरीतल्या आवाजात, "शे अगेन. ओव्हर."

मी सांगितलं. आत्तीनं सांगितलं, ताईंनी सांगितलं. तो निरोप मग आम्ही तिघींनी मिळून सांगितला.